हॉप्सप्रधान बेल्जियन बिअर कशी चाखावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरांमध्ये ओर्वाल ही एकच बिअर मुख्य उदाहरण म्हणून घेतली आहे आणि इतर बाटल्यांचा उल्लेख तिच्या अनुषंगाने येतो. हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुले) आणि यीस्ट (साखरेचे अल्कोहोल करणारी सूक्ष्म बुरशी) यांचे नाते काळाबरोबर कसे पालटते, हे या बिअरमध्ये जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते, आणि हे पालटणे ओळखता येणे हाच या प्रकारच्या रसास्वादाचा गाभा आहे, असे आमचे मत आहे.

हॉप्सप्रधान बेल्जियन बिअर नेमकी कशाला म्हणावे?

बहुतेक बेल्जियन बिअरचे व्यक्तिमत्त्व यीस्ट ठरवते. केळे, नासपती, लवंग, मिरी यांची आठवण करून देणारे वास किण्वनातून, म्हणजे आंबण्याच्या क्रियेतून, येतात आणि हॉप्स मागे राहून केवळ तोल सांभाळतात. ज्या बिअरमध्ये यीस्टचे हे काम कायम ठेवून हॉप्सचा कडवटपणा आणि सुगंध मुद्दाम पुढे आणला जातो, ती हॉप्सप्रधान बेल्जियन बिअर होय. आयपीए (इंडिया पेल एल) या कडवट बिअरच्या अमेरिकी प्रकारात यीस्ट सहसा तटस्थ असते, त्यामुळे हॉप्सना मोकळे मैदान मिळते. येथे मात्र दोघांनाही एकाच पेल्यात जागा द्यावी लागते, आणि ती जागा कोणी किती घेतली यावर बिअर जमली की बिघडली हे ठरते.

ही कल्पना सर्वस्वी अमेरिकेतून आली, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. पश्चिम फ्लँडर्समधील पोपेरिंगे या गावाच्या परिसरात हॉपच्या वेलींची शेती शतकानुशतके होत आली आहे. तेथे दर तीन वर्षांनी सप्टेंबरात हॉपचा उत्सव भरतो, आणि गावच्या जुन्या वजनघरात आज हॉपचे संग्रहालय आहे. त्या उत्सवाच्या निमित्ताने १९८१ साली निघालेली पोपेरिंगे हॉमेलबिअर आजही मिळते. अमेरिकी हॉप्सची लाट बेल्जियममध्ये पोहोचली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

सुरुवात ओर्वालपासूनच का करावी?

ओर्वालचा मठ बेल्जियमच्या दक्षिण टोकाला, लक्झेंबर्ग प्रांतातील गोम प्रदेशात, फ्रान्सच्या सीमेलगत आहे. अकराव्या शतकात स्थापन झालेला हा मठ ११३२ पासून सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंकडे होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्याने १७९३ मध्ये तो जाळून उद्ध्वस्त केला आणि १९२६ पासून त्याची पुनर्बांधणी सुरू झाली. या बांधकामाला पैसा हवा होता म्हणून १९३१ मध्ये मठाच्या आवारात बिअरचा कारखाना उभा राहिला. कारखान्यात आरंभापासून बाहेरचे पगारी लोक काम करत आले आहेत, मात्र देखरेख साधूंची असते. मठाचा आराखडा करणारे वास्तुविशारद आँरी व्हाएस यांनीच या बिअरचा रुंद तोंडाचा, जाड दांड्याचा पेलाही रेखला. लेबलवर तोंडात सोन्याची अंगठी धरलेला मासा दिसतो. टस्कनीच्या माथिल्दा या सरदारणीची अंगठी झऱ्यात पडली आणि एका ट्राउट माशाने ती परत आणून दिली, अशी मठाच्या स्थापनेची आख्यायिका आहे.

चाखणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते कृतीतील तीन टप्प्यांचे वेगळेपण. पहिल्या टप्प्यात माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) गोड रस हॉप्स आणि खडीसाखरेच्या जातीची कँडी साखर घालून उकळला जातो, आणि नेहमीच्या यीस्टने त्याचे किण्वन होते. दुसऱ्या टप्प्यात बिअर काही आठवडे टाक्यांमध्ये हॉप्ससह मुरते. उकळत्या रसात घातलेल्या हॉप्समधील सुगंधी तेले बरीचशी उडून जातात. थंड बिअरमध्ये घातलेल्या हॉप्समधून तीच तेले कडवटपणा फारसा न वाढवता उतरतात. या पद्धतीला ड्राय हॉपिंग म्हणतात, आणि ती आज क्राफ्ट बिअरची खूण मानली जात असली तरी ओर्वालमध्ये ती फार जुनी आहे. तिसऱ्या टप्प्यात बाटली भरताना थोडी साखर आणि ब्रेटानोमायसेस नावाचे दुसरे यीस्ट मिसळले जाते. बोलण्यात त्याला नुसते ब्रेट म्हणतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील निल्स हिएल्टे क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये इंग्लिश बिअरच्या संदर्भात या यीस्टची ओळख जगाला करून दिली. नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या शर्कराही ब्रेट हळूहळू पचवते, म्हणून बाटलीतील बिअर महिनोन्महिने बदलत राहते, कोरडी होत जाते आणि अधिक फसफसते.

बाटली घेताना सर्वांत आधी काय पाहावे?

तारीख पाहावी. ओर्वालच्या लेबलवर बाटली भरल्याची तारीख छापलेली असते, आणि ही माहिती चव ठरवणाऱ्या कोणत्याही विशेषणापेक्षा मोलाची आहे. त्याच लेबलवर पाच वर्षे पुढची मुदतही असते. ती पाहून बिअर पाच वर्षे एकसारखी राहील असे समजू नये.

त्यानंतर बाटली कुठे ठेवली आहे ते पाहावे. उजेड पडला की हॉप्समधील कडू आम्लांचे विघटन होऊन गंधकयुक्त द्रव्य तयार होते, ज्याचा कुबट, उग्र वास अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतो. तपकिरी काच या बदलाला बऱ्याच अंशी रोखते, हिरवी काच फारच कमी रोखते. दुकानाच्या काचेत, दिव्याखाली मांडलेली बाटली शक्यतो घेऊ नये. उष्णता हा दुसरा शत्रू आहे. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात वातानुकूलन नसलेल्या गोदामात काही आठवडे राहिलेल्या बाटलीत हॉप्सचा ताजेपणा उरत नाही, आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा शिळा वास येऊ लागतो.

ताजी बाटली चांगली की जुनी?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बिअरगणिक वेगळे आहे.

ज्या बाटलीत ब्रेट नाही आणि जिचे आकर्षण हॉप्सच्या सुगंधात आहे, ती शक्य तितकी ताजी प्यावी. हुब्लाँ शूफ, ड्यूव्हलची सिट्रा हॉप्स वापरलेली आवृत्ती किंवा डे रांके कारखान्याची एक्सएक्स बिटर या बिअर वर्षभर जपून ठेवण्यात काही हशील नाही. हॉप्सची तेले ओसरतात, कडवटपणा बोथट होतो आणि मागे राहतो तो माल्टचा जड गोडवा.

ओर्वालचे तसे नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हॉप्स पुढे असतात. ओले गवत, संत्र्याची साल, किंचित फुलांचा वास आणि जिभेवर धारदार कडवटपणा. सहा महिन्यांच्या आसपास दोन्ही बाजू समोरासमोर येतात: हॉप्स अजून ओळखता येतात, पण त्यांच्या मागून चामडे, वाळलेले गवत, धान्याची कोठी असे वास डोके वर काढतात. वर्ष उलटल्यावर ब्रेटचे राज्य सुरू होते. गोडवा जवळजवळ संपतो, फेस अधिक जोमदार होतो आणि कडवटपणा मवाळ होऊन त्याची जागा कोरडेपणा घेतो. आम्हाला सहा ते नऊ महिन्यांची बाटली सर्वाधिक आवडते, कारण त्या काळात हॉप्स आणि यीस्ट यांपैकी कोणीही दुसऱ्याला गप्प केलेले नसते. तथापि ताज्या ओर्वालचे निष्ठावान चाहते आहेत, तसेच दोन वर्षांच्या बाटलीचेही आहेत, आणि त्यांपैकी कोणालाही चुकीचे म्हणता येणार नाही.

शक्य असेल तर वेगवेगळ्या तारखांच्या तीन बाटल्या एकाच बैठकीत उघडाव्यात, सर्वांत ताजी आधी आणि सर्वांत जुनी शेवटी. एवढ्याने जे कळते ते वर्णने वाचून कळत नाही.

चामड्याचा किंवा गोठ्यासारखा वास आला तर बिअर बिघडली असे समजावे का?

ओर्वालमध्ये नाही. ब्रेट जी फिनॉल वर्गातील द्रव्ये तयार करते त्यांचा तो स्वाभाविक वास आहे. परंतु हाच वास हुब्लाँ शूफमध्ये आला तर तो दोष मानावा, कारण तेथे ब्रेटचे काहीच काम नाही. दोष आणि गुण यांचा निर्णय त्या बिअरच्या हेतूकडे पाहूनच करावा लागतो. शिर्क्यासारखा तीव्र आंबटपणा, पुठ्ठ्याचा वास आणि उजेडाने आलेला कुबटपणा हे मात्र या सर्वच बिअरमध्ये दोष आहेत.

बिअर किती थंड असावी?

ओर्वालसाठी १२ ते १४ अंश सेल्सिअस. आपल्याकडे बिअर बर्फासारखी गार पिण्याची सवय आहे आणि लागर या हलक्या प्रकारच्या बिअरला ती शोभतेही. पण ४ अंशांवर सुगंधी द्रव्ये बिअरमधून फारशी वर येत नाहीत आणि कडवटपणा तेवढा उघडा पडतो. घरच्या फ्रिजमधून बाटली काढून मराठी उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटे, हिवाळ्यात त्याहून अधिक वेळ बाहेर ठेवली की बहुधा योग्य तापमान साधते. पेल्यात ओतल्यावरही बिअर तापत राहते, म्हणून किंचित गार असतानाच सुरुवात करावी आणि पुढच्या अर्ध्या तासात वास कसे उमलतात याकडे लक्ष द्यावे.

ओतण्याची पद्धत खरोखर इतकी महत्त्वाची आहे का?

होय, आणि त्याला कारणे आहेत. पेल्याला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही. म्हणून पेला भरपूर पाण्याने खळबळून, न पुसता, ओला असतानाच वापरावा. तो तिरका धरून बिअर कडेने ओतावी, अर्ध्यावर आल्यावर सरळ करावा आणि दोन-तीन बोटे फेस येऊ द्यावा. हॉप्समधील कडू आम्ले आणि माल्टमधील प्रथिने मिळून हा फेस धरून ठेवतात. हॉप्सप्रधान बिअर पिताना पेल्याच्या आतल्या बाजूला फेसाची जाळी चिकटून राहते ती त्यामुळेच.

बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो. तो अपायकारक नाही, पण बिअर गढूळ करतो आणि पावासारखी चव देतो. पहिल्या खेपेला तळाचा सेंटिमीटरभर भाग बाटलीतच ठेवावा, आणि हवा असल्यास शेवटी वेगळा चाखून पाहावा. जुनी ओर्वाल उघडताना फेस उसळू शकतो, म्हणून पेला हाताशी ठेवूनच बूच काढावे.

चाखण्याचा क्रम कसा असावा?

ओतल्याबरोबर, फेस ताजा असतानाच वास घ्यावा, कारण हॉप्सची सर्वांत चंचल द्रव्ये पहिल्या मिनिटातच निघून जातात. एक लांब श्वास घेण्यापेक्षा दोन-तीन छोटे हुंगणे अधिक सांगून जातात. मग रंग पाहावा. ओर्वालचा रंग नारिंगीकडे झुकणारा तांबूस असतो. अर्थात रंगावरून चवीचा अंदाज बांधण्याची घाई करू नये.

पहिला घोट केवळ तोंड तयार करण्यासाठी असतो, त्यावर मत बनवू नये. दुसरा घोट तोंडभर फिरवावा आणि गिळून टाकल्यावर नाकावाटे श्वास सोडावा. घशामागून नाकाकडे जाणारा हा वास पेल्यातल्या वासापेक्षा पुष्कळदा वेगळा असतो आणि यीस्टचे मसालेदार अंग येथेच नीट कळते. वाइनच्या चाचणीत घोट थुंकून टाकण्याची प्रथा आहे, ती येथे उपयोगी नाही, कारण हॉप्सचा कडवटपणा गिळल्यानंतरच पूर्णपणे उलगडतो. जिभेच्या मागच्या भागालाच कडू चव कळते, ही शाळेत शिकवली गेलेली समजूत शास्त्राने केव्हाच मागे टाकली आहे; कडू चव जिभेच्या सर्व भागांवर कळते.

तिसऱ्या घोटाला तीन गोष्टी तपासाव्यात: कडवटपणा किती वेळ टिकतो, टिकताना तो स्वच्छ राहतो की घशाला ओरखडे काढत तुरट होतो, आणि तो ओसरल्यावर तोंडात काय उरते. चांगल्या हॉप्सप्रधान बेल्जियन बिअरमध्ये शेवट कोरडा असतो. साखर पूर्णपणे आंबल्यामुळे जिभेवर चिकटपणा राहत नाही आणि पुढच्या घोटाची इच्छा होते.

अर्धा पेला संपल्यावर पाच मिनिटे थांबून पुन्हा वास घ्यावा. बिअर बदललेली असते.

वासांना नावे देता येत नाहीत. ती कशी शिकावीत?

परदेशी चाखणीच्या तक्त्यांतील फळे आपण खाल्लेलीच नसतात, म्हणून अनेक जण गोंधळतात. त्या तक्त्यांपेक्षा घरातल्या मिसळणाच्या डब्याचा आणि बाजाराचा उपयोग अधिक होतो, आणि त्याला रसायनशास्त्राचाही आधार आहे. हॉप्समधील लिनालूल हे द्रव्य धण्यांमध्ये मुबलक असते. धणे हातावर चुरडून हुंगावेत आणि मग पेल्याकडे यावे. मिरसीन हे हॉप्सचे मुख्य तेल आंब्याच्या वासातही असते. जिरॅनिऑल या द्रव्याचा गुलाबासारखा वास ज्यांना ओळखायचा आहे त्यांनी रोशा गवताचे तेल हुंगून पाहावे. खानदेशात ज्या गवतापासून रोशेल काढले जात असे, त्या तेलाचा मुख्य घटक जिरॅनिऑलच आहे. किण्वनाच्या वेळी यीस्ट या जिरॅनिऑलचा काही भाग सिट्रोनेलॉलमध्ये पालटते आणि वास लिंबाकडे झुकतो. हॉप्स आणि यीस्ट केवळ शेजारी नांदत नाहीत, तर एक दुसऱ्याला बदलतो, याचे हे थेट उदाहरण आहे.

बेल्जियन यीस्टचा लवंगेसारखा वास धान्याच्या टरफलातील फेरुलिक आम्लापासून तयार होणाऱ्या एका फिनॉलचा असतो. लवंगेतील युजेनॉल हे त्याचेच नातलग द्रव्य आहे, त्यामुळे येथेही डब्यातली लवंग कामी येते. एका वेळी दोनच वास शोधावेत. दहा नावे लिहून काढण्याच्या हौसेने चाखणे राहून जाते.

मला कडू चव आवडत नाही. ही बिअर माझ्यासाठी आहे का?

कारल्याची भाजी लहानपणी नको वाटते आणि पुढे तीच हवीशी होते, तसेच बहुतेकांचे हॉप्सच्या बाबतीत होते. पण ते व्हायलाच हवे असा आग्रह नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी ब्रसेल्सच्या ब्रासरी दे ला सेनची तारास बुल्बा आधी पाहावी. तिच्यात अल्कोहोल फक्त ४.५ टक्के आहे, कडवटपणा स्पष्ट पण हलका आहे. त्याउलट एक्सएक्स बिटर १९९६ मध्ये निघाली तीच मुळी त्या काळच्या गोडसर बेल्जियन बिअरना उत्तर म्हणून, आणि पहिल्या ओळखीसाठी ती कठोर ठरू शकते.

यानंतर कोणती बाटली घ्यावी?

आर्देन्समधील आशूफ या खेड्यातील कारखान्याची हुब्लाँ शूफ. २००६ मध्ये आलेल्या या ९ टक्क्यांच्या बिअरमध्ये टॉमाहॉक, साझ आणि अमारिलो अशा तीन जातींचे हॉप्स आहेत, त्यांपैकी साझ चेक प्रजासत्ताकातील आणि उरलेले दोन अमेरिकी. त्रिपेल या जोरकस, फिकट बेल्जियन प्रकारातील फळांचा गोडवा आणि अमारिलोची संत्र्याची आठवण येथे एकमेकांना पूरक ठरतात. काही कारखान्यांनी याच वाटेने जाताना राळेसारख्या उग्र वासाचे हॉप्स लवंगी यीस्टवर लादले. ते मिश्रण औषधी लागते. ओर्वालनंतर हुब्लाँ शूफ घेतली की कालांतराने जुळत गेलेला तोल आणि पहिल्या दिवशीच साधलेला तोल यांतील फरक कळतो.

सोबत काय खावे?

मिरचीचा जाळ टाळावा. कडवटपणा, अल्कोहोल आणि फसफस हे तिन्ही तिखटाची आग वाढवतात, म्हणून तांबडा रस्सा किंवा ठेच्याबरोबर या बिअरचा बळी जातो. रवा लावून तळलेली सुरमई, कोथिंबीरवडी, भाजलेले खारे शेंगदाणे चांगले जुळतात, कारण मीठ कडवटपणाला मवाळ करते आणि फसफस तळणाचा तेलकटपणा धुऊन काढते. ओर्वालच्या मठात चीजही तयार होते आणि तेथे बिअरबरोबर तेच दिले जाते. मुरलेले, अर्धकठीण चीज मिळाल्यास ते उत्तम. गोड पदार्थ मात्र नकोत.

एका बाटलीत किती अल्कोहोल असते?

३३ सेंटिलिटरच्या, ६.२ टक्क्यांच्या ओर्वालमध्ये सुमारे १६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. तेवढ्याच आकाराच्या हुब्लाँ शूफमध्ये ते सुमारे २३ ग्रॅम होते, म्हणजे आपल्याकडच्या ५ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीपेक्षा किंचितच कमी. छोटी बाटली पाहून फसू नये. बेल्जियममध्ये १९१९ च्या कायद्याने कॅफेंमध्ये कडक दारू विकण्यास बंदी आली, आणि तेथील जोरकस बिअर लोकप्रिय होण्यामागे ते एक महत्त्वाचे कारण होते. या बिअर संथपणे पिण्यासाठीच घडल्या आहेत. चाखण्याच्या बैठकीत एक बाटली दोघांत पुरते, आणि बैठकीनंतर वाहन चालवू नये.

महाराष्ट्रात राहून तयारी कशी करता येईल?

पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून पुणे-मुंबईत स्वतःची बिअर करणाऱ्या जागा वाढत गेल्या आहेत, आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी बेल्जियन विट (गव्हाची बिअर) व आयपीए या दोन्ही नळावर असतात. विटमध्ये हॉप्स जवळजवळ गप्प असतात, आयपीएमध्ये यीस्ट. दोन्हींचे लहान पेले शेजारी ठेवून आलटून पालटून चाखल्यास कोणता वास कोणाचा हे मनात पक्के होते, आणि मग ओर्वाल समोर आल्यावर दोघे एकत्र कसे वागतात ते ऐकू येऊ लागते.

युरोपातून परतताना बाटल्या आणता येतात का?

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते, आणि बिअर त्यातच मोजली जाते. ३३ सेंटिलिटरच्या सहा बाटल्या १.९८ लिटर होतात. त्या चेक-इन सामानात, प्रत्येक बाटली स्वतंत्रपणे कपड्यांत गुंडाळून, बॅगेच्या मध्यभागी ठेवाव्यात. घरी आल्यावर लगेच उघडू नयेत: प्रवासात ढवळलेला गाळ खाली बसण्यासाठी त्या काही दिवस अंधाऱ्या, गार जागी उभ्या ठेवाव्यात. आडव्या ठेवल्यास गाळ बाटलीच्या कडेला चिकटतो आणि ओतताना सगळा पेल्यात येतो. महाराष्ट्रातील घरात १५ अंशांचे तळघर कोठून असणार. म्हणून दीर्घकाळ ठेवायच्या ओर्वालसाठी फ्रिजचा दरवाजा किंवा सर्वांत कमी गार कप्पा वापरावा. थंडीत ब्रेट मंदावते, त्यामुळे तेथे सहा महिने ठेवलेली बाटली मठाच्या तळघरातील सहा महिन्यांच्या बाटलीपेक्षा तरुण निघेल, हे लेबलवरची तारीख वाचताना लक्षात घ्यावे.